सव्वादोनाचा हात

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये दोनच आवाज नावाजलेले होते. एक नाशिकरोडच्या छापखान्याचा भोंगा आणि दुसरा माझा. भोंगा ठरलेल्या वेळीच वाजायचा, एवढाच काय तो फरक. कारखान्याच्या गेटवर मी "कामगार बंधूंनो" म्हटलं की सिन्नरच्या स्टँडवर डुलक्या काढणारे कंडक्टर दचकून घंटी मारायचे, असं लोक सांगत. लोक म्हणजे मीच. पण मीही लोकांतलाच ना!

आमचं ऑफिस शालिमारच्या मागे एका सायकलच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, एक टाइपरायटर आणि एक म्हातारे वकील. कारखान्यात हात-पाय गमावलेल्या कामगारांच्या भरपाईच्या केसेस ते लढवायचे. मी त्यांचा कारकून, प्रचारक, शिपाई आणि खालून चहा आणणाराही.

एक दिवस वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "काय रे, सिन्नरकडच्या कारखान्यांत हल्ली पेठ-सुरगाण्याची माणसं दिसतात. मुकादम हंगामापुरती आणतो, हंगाम संपला की परत नेतो. इतक्या वर्षांत त्यांच्यातला एक माणूस आपला जिना चढला का?"

"नाही."

"म्हणजे यंत्रं त्यांना ओळखतात आणि सोडून देतात?"

"साहेब, त्यांना कायदा माहीत नसेल."

"मग जा, सांगून ये. देवानं एवढा गळा दिलाय तो काय नुसता चहा मागवायला?"

झालं. मी पत्रकं छापून घेतली. एक हजार. वर ठळक अक्षरांत 'नुकसानभरपाई' आणि खाली माझं गद्य, ज्यात एकेक वाक्य गोदावरीइतकं लांब होतं आणि उन्हाळ्यातल्या गोदावरीइतकंच आत काही नव्हतं. एक बॅटरीवरचा भोंगा भाड्यानं घेतला, ऑफिसची मोपेड काढली आणि दसऱ्याच्या सुमाराला पेठच्या दिशेनं निघालो. सावळघाटात मोपेडनं मला वाहून न्यायचं की मी मोपेडला, यावर आमचं भांडण झालं आणि मोपेड जिंकली.

भात पिवळं पडायला लागलं होतं. पहिल्या पाड्यावर माणसं जमली. मी भोंगा तोंडाला लावला.

"आम्ही नुकसानभरपाईसाठी आलो आहोत! ज्यांचा हात, ज्यांची बोटं कारखान्याच्या यंत्रात गेली, त्यांनी पुढे या! नाव सांगा, कारखाना सांगा! मुदतीच्या आत सगळ्यांची नावं लिहून घेणार! एकालाही सोडणार नाही!"

समोरच्या डोंगरानं माझं भाषण माझ्यापेक्षा चांगलं म्हणून दाखवलं. शेवटी एक म्हातारा उठला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, लय भारी बोलला. आमच्या भगताला पण एवढा दम नाय. पण आमच्याकडं असा कोणी नाय. सगळ्यांची बोटं पुरी आहात."

मग त्यांनी मला नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. पत्रकं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मी खूश.

दुसऱ्या पाड्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. एवढं मात्र खरं की भाकरी दर पाड्याला थोडी लहान होत गेली. सहाव्या पाड्यावर पोचलो तर माणूसच नाही. दोन कोंबड्या आणि एक कुत्रं. मी त्यांनाही कायदा समजावला, कारण बॅटरी तापलेली होती. सातव्यावर कुत्रंही नव्हतं.

वकीलसाहेबांना काय सांगायचं ते कळेना, म्हणून परतीच्या वाटेवर पेठच्या आठवडे बाजारात थांबलो. एका झाडाखाली पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसलो. शेजारी एक मणियारीण बसली होती. साठीची, पानानं ओठ लाल, समोर काचेच्या बांगड्यांच्या टोपल्या आणि भोवती डोंगरातल्या बायकांचा घोळका. सगळ्या तिला चाची म्हणत होत्या. पेठचंच घराणं, तिची सासू आणि सासूची सासूही याच पाड्यांवरून बांगड्या भरत फिरलेली. बायकांशी ती त्यांच्या कोकणा बोलीत बोलायची, व्यापाऱ्यांशी मराठीत आणि गाढवाशी हिंदीत.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. भोंग्यापाशी नजर थांबली.

"तूच का रे तो वसुलीवाला?"

"कसली वसुली?"

"अरे बेटा, चार डोंगरांत खबर फिरलीय! नाशकाहून एक जाडा माणूस येतो, भोंग्यातून ओरडतो. ज्याची बोटं मशीनमध्ये गेली त्याचं नाव लिहून घेतो, आणि मशीन बिघडवली म्हणून भरपाई वसूल करतो. एकालाही सोडत नाही म्हणे."

मी भोंग्याकडे पाहिलं. भोंग्यानं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज बसला.

"चाची, उलट आहे हो! भरपाई मालकानं द्यायची. मजुराला!"

"मग ते सांगायचं ना. तू तर 'सोडणार नाही, सोडणार नाही' करत होतास. मुकादम पण त्यांना हेच सांगतो. हात सापडला, मशीन अडकली, माल खराब झाला, आता मालक तुझं नाव विचारतोय, गुपचूप घरी पळ. ती पळतात. आणि मागनं तू आलास, नाव लिहायला!"

मी कपाळावर हात मारला. चाचीला माझी दया आली असावी, कारण तिनं मला पानाचा तुकडा दिला.

"मालक देतो म्हणतोस. आणि चूक मजुराची असली तर?"

"कामावर असताना लागलं ना, मग चूक कोणाची हे बहुतेक वेळा कायदा विचारतच नाही."

"असं कसं?" चाची म्हणाली. तिला खरंच पटलं नव्हतं. बोलता बोलता ती एका बाईच्या हातात बांगडी चढवत होती, आणि तेवढ्यात कट्ट झालं. चाचीनं तुकडे टोपलीत टाकले. "वाढवली," ती म्हणाली. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. तिनं दुसरी बांगडी उचलली, आणि तिथंच थांबली. त्या बाईकडे बघत राहिली.

"ही वाढवलेली कोणाची?"

बाई हसली. "तुझीच की, चाची."

"माझी का? हात तू आखडलास."

"आखडला तरी तुझीच. माझा हात तुझ्या हातात होता ना! तीच तर रीत."

"माझी सासू असती तर तिनं पण असंच म्हटलं असतं?"

"कोणीही म्हणंल."

चाची माझ्याकडे वळली. "बघ. झाला तुझा कायदा. हात मणियाराच्या हातात असताना जे फुटलं ते मणियाराचं. हात मालकाच्या मशीनमध्ये असताना जे गेलं ते मालकाचं. यासाठी एवढा कागद काळा केलास?"

वकीलसाहेबांनी हा कायदा मला तीन वर्षं शिकवला होता. चाचीनं तो एका बांगडीत बसवला. आणि घोळक्यातल्या बायका, ज्यांना माझ्या भाषणातलं अवाक्षर कळलं नव्हतं, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

पुढचे दोन महिने कायद्याचा हा प्रचारक बांगड्यांचा हमाल झाला. चाचीचं गाढव म्हातारं होतं, आणि माझी मोपेड गाढवाहून हट्टी. म्हणून एक टोपली माझ्या डोक्यावर असायची. माझी पत्रकंही चाचीनं कामाला लावली. बांगड्या बांधायला कागद लागतोच. तुम्हाला सांगतो, सुरगाण्यापासून हरसूलपर्यंत असं एक घर नसेल जिथं माझं गद्य पोचलं नाही. आत बांगड्या होत्या म्हणून पोचलं, ही गोष्ट वेगळी.

चाचीची पद्धत सोपी होती. बाईचा हात एकदा तिच्या मुठीत आला की बांगड्या भरून होईपर्यंत बाई उठू शकत नाही. हात दाबत, वळवत, अंगठा आत मुडपत ती बोलत राहायची. एका डझनात अख्खा कायदा. बायकांनी तो घरी नेला, घरच्या पुरुषांना ऐकवला. मी लांब झाडाखाली बसायचो. तोंड उघडायला मला सक्त मनाई होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका पाड्यावर तिशीची एक बाई आली. बसली आणि डावा हात पुढे केला. चाचीनं तो भरला.

"दुसरा?"

"नको. एकाच हातात भर."

"दोन वर्षं तू मला एकच हात देत्येस. दुसरा कोणाला दिलास?"

बाईनं पदर ओढून घेतला. चाचीनं हसत हसत तिचा पदर बाजूला केला, आणि तिचं हसणं थांबलं. उजव्या हाताची करंगळी नव्हती, तिच्या शेजारचं बोट नव्हतं, आणि खालचा तळव्याचा काठही कापल्यासारखा गेला होता.

बाई उठायला लागली. चाचीनं तिचा डावा हात सोडला नाही.

"बस. तुला बांगडीची रीत ठाऊक आहे ना?"

"ऐकली. बाया सांगत होत्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून हळूच, "खरी आहा?"

तेवढ्यात नवरा धावत आला. भोंगा नसतानाही त्यानं मला ओळखलं. "साहेब, आम्ही मुद्दाम नाय केलं. मशीन आपोआप खाली आली."

त्याला शांत करायला चाचीला अर्धं पानदान रिकामं करावं लागलं. मग हकीकत बाहेर आली. द्राक्षांचे पुठ्ठ्याचे खोके बनवणारा सिन्नरकडचा एक कारखाना. पुठ्ठा कापायचं यंत्र. कारखान्यात तिळगूळ वाटला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात पात्याखाली सापडला. गावातल्या एका डॉक्टरनं पट्टी बांधली, कागद दिला नाही. मुकादमानं त्याच दिवशी दोघांना जीपमध्ये बसवून डोंगरात सोडलं.

"भाताच्या आवणीला मी साऱ्या पाड्याच्या पुढं असायची," ती म्हणाली. "माझी ओळ कोणी गाठायचा नाय. आता रोपाची मूठ सुटते. मला आवणीला बोलवतच नाय कोणी." मग जरा थांबून म्हणाली, "भरपाई मिळाली तर शेळ्या घेईन. शेळीला बोटं मोजायची सवय नाय."

मी बोटांवर मोजलं. माझी दहाही शाबूत होती, त्याची त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. अर्जाला दोन वर्षांची मुदत असते. हात गेल्यानंतरची येणारी संक्रांत ही दुसरी. म्हणजे दिवाळी, तुळशीचं लग्न, आणि मग वेळ संपला.

अर्ज संक्रांतीच्या चार दिवस आधी दाखल झाला. मी मोपेडवर तिला आणि नवऱ्याला नाशिकला आणलं, त्या एका मोपेडवर आम्ही तिघं आणि भेट म्हणून दिलेला एक कोंबडा. घाटात ट्रकवाले बाजूला होऊन आम्हाला सलाम करत होते, असं मी पुढे बरीच वर्षं सांगितलं.

मालकाचं उत्तर आलं. बाई आमच्याकडे हंगामाला होती, हे खरं. पण ती आली तेव्हाच तिचा हात तसा होता. लहानपणी कोयत्यानं गेला असेल.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. डॉक्टरचा कागद नाही. बरोबरीचे मजूर मुकादमाला घाबरून साक्षीला येईनात. पाड्यावरचे बाकी सगळे तिचे दीर नाहीतर मामा. समोरचा वकील त्यांना नातेवाईक म्हणून उडवणार. "पूर्वी हात शाबूत होता," ते म्हणाले, "हे सांगणारा परका माणूस आणायचा कुठून?"

मी जिना उतरलो तो थेट पेठची एसटी पकडायला.

सुनावणीला चाची जरीच्या काठाची साडी नेसून आली. हातात टोपली होती. शिपायानं बाहेर ठेवायला सांगितली, तिनं ठेवली नाही. ती बाई कोपऱ्यात नवऱ्याशेजारी बसली होती, हात पदराखाली. कामगार भरपाईच्या आयुक्तांनी चाचीला बोलायला सांगितलं आणि समोरचा वकील उठला. गोरा, गोलमटोल, जाड मनगटाचा माणूस.

"तुम्ही वर्षाला किती बायकांना बांगड्या भरता?"

"डोंगरात जेवढ्या आहेत तेवढ्या, साहेब."

"हजारो असतील. मग दोन वर्षांपूर्वी याच बाईचा उजवा हात चांगला होता, हे तुम्हाला कसं आठवतं?"

"साहेब, तुम्हाला माणूस तोंडावरून आठवतो. मला हातावरून. ही बाई बाजारात समोरून गेली तर मी ओळखणार नाही. हात द्या, पाडा सांगते."

वकील हसला. "असं? मग यांचा सांगा," म्हणत त्यानं टाइप करणाऱ्या बाईंकडे बोट केलं. त्यांनी लाजत हात पुढे केले. चाचीनं डोळे मिटले, दोन्ही हात एकदा दाबले.

"सव्वादोनच्या मापाच्या. पण डावं मनगट लहानपणी मोडलंय आणि वाकडं जुळलंय. डाव्या हाताला दोन आणे मोठ्या लागतात. खरं की नाही, बेटी?"

टाइप करणाऱ्या बाईंचं तोंड उघडंच राहिलं. "झोपाळ्यावरून पडले होते," त्या म्हणाल्या.

"आणि साहेबांचा हात न धरताच सांगते," चाची वकिलाकडे वळली. "पावणेतीन. काचेत मिळायचं नाही. पितळेचं कडं करून घ्या."

आयुक्तांना फाइलमध्ये तोंड घालून बराच वेळ खोकावं लागलं. या प्रसंगातलं निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं. पण यापुढचं मी एका अक्षरानंही वाढवलेलं नाही.

चाची उठून त्या बाईपाशी गेली. पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हिच्या ननदेचं लग्न तुळशीनंतर झालं. ते उरकून ही कारखान्यात गेली. त्या लग्नात हिच्या दोन्ही हातांत मी हिरव्या बांगड्या भरल्या, सव्वादोनच्या. डाव्यात सरळ गेल्या. उजव्यात एक अडकली, इथं." तिनं तळव्याच्या कापलेल्या काठाबाहेर, हवेत बोट ठेवलं. "इथं हाड होतं. करंगळीच्या खालचं. जरा बाहेर आलेलं. त्याच्यावर माझी बांगडी वाढली. रीतीप्रमाणे ती माझी गेली, म्हणून लक्षात आहे. आता मला सांगा साहेब, हाड लहानपणीच गेलं होतं, तर माझी बांगडी अडकली कशाला?"

समोरच्या वकिलानं कागद चाळले, पुन्हा चाळले, आणि बसला.

निकाल व्हायला पुढचा पावसाळा उजाडला. तो बाईच्या बाजूनं लागला. वकीलसाहेबांनी मला खाली चहा आणायला पाठवलं आणि मी परत येईपर्यंत डोळे पुसून घेतले. मी पाहिलं नाही, असं त्यांना वाटलं.

बातमी द्यायला चाची आणि मी दोघं गेलो. पाड्यावर आवणी चालली होती. ती बाई बांधावर उभी होती. ऐकून घेतलं. चिखलाचे पाय धुतले, ओट्यावर येऊन बसली, आणि उजवा हात पुढे केला. न मागता.

चाचीनं सव्वादोनची हिरवी बांगडी उचलली. सवयीनं दाबायला हात आवळला, पण दाबायचं काही उरलंच नव्हतं. बांगडी सरकन आत गेली, आणि बाईनं हात खाली करताच सरकन बाहेर आली. चाचीनं दोन आणे कमीची काढली. तीही पडली. शेवटी टोपलीच्या तळातून पोरींच्या मापाची शोधली. ती बसली. एकेक करत डझनभर भरल्या. एकही वाढली नाही. आणि त्या अख्ख्या डझनात चाची, जिचं तोंड मी कधी बंद पाहिलं नव्हतं, एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

बाईनं हात उंच धरून हलवला. बांगड्या वाजल्या. खाचरातल्या बायकांनी वर पाहिलं. "येतीस का?" कोणीतरी ओरडलं. "गाणं तरी म्हण!" ती उठली आणि गेली.

नंतर आमच्या जिन्यावर डोंगराकडची माणसं यायला लागली. "बांगडीचा कायदा इथंच मिळतो का?" असं खालच्या सायकलवाल्याला विचारायची, आणि तो न बघता बोट वर करायचा. पुढे वकीलसाहेब गेले, ऑफिस बंद झालं. पाड्यांवर टॉवर आले, मजूर मुकादमाशी मोबाइलवर भांडायला लागले. चाचीही गेली. माझा आवाज आता शेजारच्या खोलीतही पोचत नाही. घरचे म्हणतात, तो टीव्ही मोठा झालाय म्हणून.

नव्या शतकाची सात-आठ वर्षं उलटल्यावर एकदा काही कामानं पेठला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. त्याच झाडाखाली चाचीची सून बांगड्या मांडून बसली होती. मी ओळख सांगितली. तिनं सासूच्याच ठसक्यात मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"भोंगावाले तुम्हीच?"

"मीच. भोंगा परत केला."

टोपलीच्या कडेला एक पुडी वेगळी ठेवलेली दिसली. पिवळा पडलेला कागद, घड्यांवर फाटलेला. वर ठळक अक्षरांत 'नुकसानभरपाई' आणि खाली माझं ते लांबलचक वाक्य.

"ही विकायची नाही का?" मी विचारलं.

"नाही. अम्मी सांगून गेल्यात. लहान मापाचा एक डझन कायम बाजूला ठेवायचा, संपला की नवा आणायचा. वरच्या पाड्यावरचा एक हात आहे. उजवा." तिनं पुडी जरा आत सरकवली. "तुमच्यामागं उभी आहे बघा. सरका, तिला बसू द्या. शेळ्या बांधून आलीय."